पगारवाढ तोंडी मागू नका, कागद द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एप्रिल जवळ आला की पगारवाढीवरचे सल्ले जिकडेतिकडे छापून येतात. आत्मविश्वासाने बोला, नजरेला नजर द्या, साहेबांचा मूड बघा. त्यात चूक काही नाही. पण ऐरोली, महापे, रबाळे, वागळे इस्टेट या पट्ट्यातल्या कंपन्यांची पगारपत्रकं आणि वेतनश्रेण्या आमच्या टेबलावरून जातात, आणि तिथून दिसणारं चित्र वेगळं असतं. मागणाऱ्याला वाटतं, साहेबांनी मनावर घेतलं की झालं. साहेबांच्या (यात मॅडमही आल्याच) हातात मात्र वर्षाची एक ठरलेली थैली असते आणि ती दुसऱ्याच कोणीतरी भरलेली असते. थैलीबाहेरचा रुपया हवा असेल तर साहेबांनाच वर हात पसरावा लागतो: आधी त्यांच्या साहेबांपुढे, मग एचआरपुढे, मग फायनान्सपुढे. तुमची मागणी या तिन्ही टेबलांवर तुमच्या गैरहजेरीत वाचली जाते. तुमचा आत्मविश्वास तिथवर पोचत नाही. पोचला तर एखादा कागद पोचतो, आणि नेमका तोच बहुतेकांनी दिलेला नसतो. पत्र लांबणार आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर शब्दांना लावा, आकडे राहू द्या.

आधी थैलीचं गणित. समजा दहा जणांची टीम आहे, सगळ्यांचा मिळून वर्षाचा पगार १ कोटी, आणि वाढीसाठी मंजूर झाले ९ टक्के, म्हणजे ९ लाख. अलीकडच्या वर्षांत खासगी कंपन्यांची सरासरी वाढ याच नऊ-दहाच्या घरात राहिली आहे. १० लाख पगाराच्या एकाला ३० टक्के दिले की ३ लाख संपले. उरलेल्या नऊ जणांच्या ९० लाखांवर वाटायला ६ लाख राहिले, म्हणजे ६.६७ टक्के. नऊ जणांची तोंडं वाकडी करून एकाला खूश करणारा साहेब विरळाच. सर्वोत्तम रेटिंग मिळालं तरी बऱ्याच ठिकाणी सरासरीच्या दीडपट, फार तर पावणेदोनपट वाढ मिळते. तेव्हा २५-३० टक्क्यांची मागणी वार्षिक अप्रेझलमध्ये मांडणं म्हणजे आरक्षणाच्या खिडकीवर पासाची रांग लावणं. खिडकी उघडी असते, माणूसही बसलेला असतो, पण पास तिथे मिळत नाही.

मोठी वाढ तीन वेगळ्या खात्यांतून येते. एक बढतीचं: ग्रेड बदलली की पगार नव्या श्रेणीत न्यावा लागतो, आणि त्याची तरतूद वार्षिक वाढीपासून अलग असते. दुसरं वेतनदुरुस्तीचं: काम तेच, पण पगार श्रेणीच्या मध्यापेक्षा फार खाली राहून गेलेला. तिसरं माणूस टिकवण्यासाठी राखलेल्या पैशाचं. हे तिसरं बहुधा एकरकमी असतं आणि वर्षा-दीड वर्षात सोडून गेलात तर परत द्यावं लागतं, म्हणून त्याला पगारवाढ म्हणू नये. आपली मागणी पहिल्या खात्यात बसते की दुसऱ्या, हे ठरवल्याशिवाय साहेबांच्या केबिनकडे फिरकू नका. बढतीसाठी काम बदलल्याचा पुरावा लागतो, दुरुस्तीसाठी बाजाराच्या आकड्याचा. दोन्हींची खिचडी केली की कुठलंच खातं उघडत नाही.

प्रत्येक ग्रेडला किमान, मध्य आणि कमाल असे तीन आकडे असतात. तुमच्या पगाराला मध्याने भागायचं. भागाकार ०.८० च्या खाली आला तर दुरुस्तीची फाईल सहज हलते, कारण ती न हलवण्याचा धोका एचआरलाच दिसत असतो. ०.९५ ते १.०५ असेल तर दुरुस्तीचं नाव काढू नका, बढती मागा. १.१५ च्या वर असाल तर त्याच खुर्चीत बसून ३० टक्के मिळायचे नाहीत; तिथे भांडण पगाराचं नसून खुर्चीचं आहे.

हे आकडे कंपनी सांगत नाही, हे खरं. अंदाज मात्र बांधता येतो. आपल्याच कंपनीच्या रेफरल पोर्टलवर (जिथे ओळखीचे उमेदवार सुचवतात) आपल्यासारख्या जागेची जाहिरात लागली की माणसं मिळवून देणाऱ्या ओळखीच्या कन्सल्टंटला विचारा: ‘या जागेचं फिक्स्ड बजेट किती, आणि किती वर्षांच्या अनुभवाला?’ प्रश्नात ‘फिक्स्ड’ हा शब्द हवाच, नाहीतर बोनस-बिनस मिळवून फुगवलेला आकडा कळतो. निदान तीन ठिकाणचे आकडे घ्या आणि मधला धरा. वेबसाइटवर दिसणाऱ्या पगारांत बंगळुरूचे आणि मुंबईचे, दोन वर्षांपूर्वीचे आणि आजचे, सगळे एकत्र कालवलेले असतात. महाप्यातल्या साहेबाला बंगळुरूचा आकडा दाखवलात तर तो एका वाक्यात उडवून लावेल, आणि त्यात त्याचं चुकणार नाही.

दुसऱ्या बाजूने तुमच्या जागी नवा माणूस आणण्याचा खर्च काढा. ९ लाखांवरच्या माणसाची जागा बाहेरून भरायची आणि बाजारभाव १२ लाख असेल, तर कन्सल्टंटची फी किमान एका महिन्याच्या पगाराइतकी, म्हणजे ८.३३ टक्क्यांनी सुमारे १ लाख. नव्या माणसाचा नोटीस पिरिअड ६० ते ९० दिवस, तोवर जागा रिकामी किंवा दुसऱ्याच्या डोक्यावर, वर शिकण्याचे दोन-तीन महिने. म्हणजे पहिल्याच वर्षी ४ लाख जादा आणि निम्मं वर्ष अर्धवट काम. त्यापुढे तुमची २ लाख ७० हजारांची मागणी फायनान्सला महाग वाटत नाही. हे गणित साहेबांना तोंडावर ऐकवायचं नाही, ती धमकी वाटते. पण तुमच्या डोक्यात ते तयार असलं की आकडा सांगताना आवाज खाली जात नाही.

मागणी टक्क्यांत करू नये, रुपयांत करावी, आणि ‘वार्षिक फिक्स्ड’ असं म्हणूनच करावी. कारण सांगतो. सीटीसी (कंपनीला तुमच्यावर पडणारा वर्षाचा एकूण खर्च) ९ लाख, सगळा फिक्स्ड, मूळ वेतन निम्मं म्हणजे ४,५०,०००, असं धरू. यातून कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी ५४,००० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी २१,६४५ वजा होते; उरतात ८,२४,३५५. त्यातून तुमचा पीएफ ५४,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेला. नव्या करप्रणालीत आयकर शून्य. महिन्याला हातात साधारण ६३,९८८. आता ३० टक्के वाढ होऊन सीटीसी ११,७०,००० झाला. वाढीच्या पत्रात बाकी काही बदललं नाही, तर याच हिशेबाने हातात सुमारे ८३,२४७ येतील. पण त्याच पत्रात ‘१५ टक्के व्हेरिएबल’ (म्हणजे कामगिरीवर अवलंबून, हमखास नाही) अशी एक ओळ घुसली, तर १,७५,५०० बाजूला गेले आणि फिक्स्ड राहिला ९,९४,५००. हातात येतात ७०,७२८. ३० टक्के वाढीचे पेढे वाटले आणि महिन्याच्या पगारात पडले ६,७४० रुपये, म्हणजे साडेदहा टक्के. व्हेरिएबल वाईटच असतं असं नाही. मागच्या तीन वर्षांत त्यातलं प्रत्यक्ष किती हातावर पडलं, एवढा एक प्रश्न विचारा. सरासरी ७० टक्के मिळालं असेल तर १०० टक्के धरून हिशेब करू नका.

पीएफची एक खोच आहे. काही कंपन्या पूर्ण मूळ वेतनावर १२ टक्के भरतात, तर काही सप्टेंबर २०१४ पासून चालत आलेल्या १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० रुपये. दोन ठिकाणचे सीटीसी सारखे दिसले तरी हातातला पगार वेगळा निघतो, त्याचं कारण बहुधा हेच. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग आता वेतनातच धरला जातो. त्यामुळे मूळ वेतन ३५ टक्के ठेवून बाकी भत्त्यांत कोंबणाऱ्या कंपन्यांना मांडणी बदलावी लागते, आणि या कायद्याच्या फेरमांडणीलाच ‘वाढ’ म्हणून सादर करण्याचा मोह होतो. सीटीसी वाढला पण वाढ सगळी ग्रॅच्युइटी आणि पीएफच्या रकान्यांत गेली, असं दिसलं तर समजा की ती तुमच्या कामाची पावती नव्हे.

आयकराची पायरी त्याहून चोरटी. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पगारदाराला १२,७५,००० पर्यंत कर नाही. हा आकडा करपात्र पगाराचा, सीटीसीचा नव्हे. त्यात ७५,००० ची प्रमाणित वजावट धरलेली आहे. याच्या पुढे ‘मार्जिनल रिलीफ’ लागू होतो: १२ लाखांवर जेवढं उत्पन्न, तेवढाच कर. म्हणजे १२,७५,००० पासून साधारण १३,४५,००० पर्यंतची वाढ जवळपास पूर्ण करातच जाते, वर ४ टक्के उपकर खिशातून. १३,७५,००० पगार झाला तर कर ७५,००० आणि उपकर ३,०००. साहेबांशी झुंजून मिळवलेल्या १ लाखातले हातात २२,०००. या पट्ट्यात येत असाल तर रोख वाढीऐवजी काही भाग कंपनीच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) वर्गणीच्या रूपाने मागा. मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंतची ही वर्गणी नव्या प्रणालीतही वजा होते. मूळ वेतन ६,५०,००० असेल तर वर्गणी ९१,०००. याच १३,७५,००० मधून ती दिली तर करपात्र उत्पन्न १२,०९,००० वर येतं आणि कर उपकरासह ९,३६०. कंपनीला एक पैसा जादा पडत नाही, त्यामुळे एचआर नाही म्हणण्याची शक्यता कमी. पैसा मात्र बरीच वर्षं अडकतो, हे घरात बोलून घ्या. जुनी प्रणाली धरून बसलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: घरभाड्याच्या सवलतीसाठी ठाणे आणि नवी मुंबई महानगरात मोडत नाहीत. मर्यादा मूळ वेतनाच्या ४० टक्के, मुंबईची ५०. आणि बघायचं ते घर, कचेरी नव्हे. नरिमन पॉइंटला काम करून कळव्याला भाड्याने राहणाऱ्यालाही ४० च.

आकडा ठरवताना मनातल्या रकमेवर १०-१२ टक्के चढवून मागा, घासाघिशीला जागा राहते. मनात ११ लाख असतील तर १२,२०,००० म्हणा. ‘अकरा ते बारा’ असं कधीही म्हणू नका. ऐकणाऱ्याच्या वहीत फक्त ‘अकरा’ उतरतं.

आता वेळ. एप्रिलपासून वाढ देणाऱ्या कंपन्यांत नोव्हेंबर ते जानेवारी या काळात बजेट ठरून बंद होतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये साहेब टीमची नावं आणि टक्के भरतात, पत्रं एप्रिल-मेमध्ये निघतात. मार्चमध्ये तोंड उघडणारा माणूस बंद झालेल्या पेटीत पत्र टाकत असतो. पहिलं बोलणं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये व्हायला हवं आणि टिपण दिवाळीनंतर लगेच साहेबांच्या हाती पडायला हवं. परदेशी मुख्यालय असलेल्या बऱ्याच कंपन्यांचं वर्ष जानेवारीला सुरू होतं; तिथे हेच सगळं तीन महिने आधी. सोपा हिशेब: पत्र ज्या महिन्यात हातात पडतं तिथून पाच-सहा महिने मागे मोजा. तिमाही बंद होण्याचे शेवटचे आठ दिवस, ऑडिटचा आठवडा आणि सोमवारची सकाळ सोडा. भेट कॅलेंडरवर अर्ध्या तासाची मागा आणि विषय लिहा. ‘जरा बोलायचं होतं सर’ एवढ्यावर भेट मागितली तर साहेबाला राजीनाम्याची शंका येते आणि तो बचावाच्या पवित्र्यात बसतो. चहाच्या मशीनपाशी, परतीच्या लोकलमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर हा विषय काढायचा नाही. व्हॉट्सअॅपवर मागितलेल्या वाढीचं उत्तर अंगठ्याच्या खुणेने येतं, आणि त्या अंगठ्याचा अर्थ कोणालाच लावता येत नाही.

टिपणाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळी मदार त्यावर आहे. एक पान, त्याहून जास्त नाही. भाषा कंपनीच्या पत्रव्यवहाराची, बहुधा इंग्रजी. साहेबांशी बोलणं मराठीत झालं तरी कागद पुढे जिथे जाणार आहे तिथे मराठी वाचणारा असेलच असं नाही. साहेबाला एक अक्षरही न बदलता तो वर पाठवता आला पाहिजे, म्हणून त्यात ‘मी’ कमी आणि ‘ही जागा’ जास्त असावी. सुरुवातीला नेमणूकपत्रातलं काम दोन ओळींत. मग आज प्रत्यक्ष चालतं ते काम, जादा आलेल्या जबाबदाऱ्या महिन्या-वर्षासह. मग परिणाम, रुपयांत किंवा तासांत. मग बाजाराचा आकडा. शेवटी मागणी: वार्षिक फिक्स्ड एवढा, अमुक तारखेपासून, अमुक ग्रेडमध्ये.

परिणामाच्या परिच्छेदातच लोक घसरतात. उदाहरणार्थ तुर्भ्यातल्या एका आयात-निर्यात कंपनीतलं डॉक्युमेंटेशनचं काम घ्या. ‘खूप मेहनत घेतली, रात्री नऊपर्यंत थांबत होतो’ हे लिहून काही होत नाही. उशिरा थांबणं हे काहींना संथपणाचं लक्षणही वाटतं. त्याऐवजी असं लिहिता येईल: महिन्याला ४० शिपमेंट होत्या, आता ६५ आहेत, माणसं तितकीच. कंटेनर अडकल्याचा दंड तिमाहीला ३,२०,००० होता, तो १,१०,००० वर आला. वर्षाची बचत ८,४०,०००. कागदपत्रं जहाज लागण्याच्या तीन दिवस आधी तपासण्याची पद्धत सुरू केल्याने हे झालं. एवढं लिहून थांबायचं नाही: हा आकडा लेखाविभागाच्या कोणत्या खात्यातून घेतला आणि कोणत्या दोन तिमाहींची तुलना आहे, तेही लिहायचं. फायनान्सवाला पहिल्यांदा तेच शोधतो. याच काळात सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) बदलला असेल आणि काही बचत त्यामुळे झाली असेल तर तसं स्वतःहून नोंदवा, आपला वाटा निम्मा धरा. ४,२०,००० ची कबूल केलेली बचत ८,४०,००० च्या फुगवलेल्या दाव्यापेक्षा वरच्या टेबलावर जास्त टिकते. तळोज्यातल्या प्लांटमध्ये बॅचचा वेळ १४ तासांवरून साडेबारावर आला असेल तर महिन्याला किती बॅच वाढल्या ते लिहा, तास नुसते लिहू नका. ज्यांच्या कामाचे रुपये निघत नाहीत, म्हणजे एचआर, अॅडमिन, टेस्टिंग, त्यांनी चुका किती कमी झाल्या आणि कोणतं काम आता साहेबांना स्वतः बघावं लागत नाही हे लिहावं. साहेबांचा वाचलेला वेळ त्यांना कुणी सांगावा लागत नाही, पण त्यांच्या साहेबांना सांगावा लागतो.

घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचा हप्ता, मुलीची फी, आईचं ऑपरेशन: यातलं काहीही टिपणात नको, बोलण्यातही नको. साहेब दयाळू असला तरी एचआरच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा पगारही काढू नका. ‘तुला कुणी सांगितलं?’ या प्रश्नावर बैठक संपते.

बैठकीत आपल्याकडच्या माणसाची जी अडचण होते ती इंग्रजी सल्ल्यांत सापडत नाही. मागताना जीभ जड होते. ‘जमलं तर बघा ना सर’, ‘माझा काही आग्रह नाही’, ‘तुम्ही सांभाळून घ्यालच’ ही वाक्यं सभ्यपणाची वाटतात, पण पलीकडे त्यांची नोंद ‘निकड नाही’ अशी होते. याच्या उलट टोकाचं ‘नाहीतर मला विचार करावा लागेल’ हेही नको. मधलं वाक्य असं: ‘सर, मी घेतला गेलो त्या कामात आणि आजच्या कामात फरक पडलाय. त्याप्रमाणे फिक्स्ड १२,२०,००० व्हावा, एप्रिलपासून, असं माझं म्हणणं आहे. टिपण आणलंय.’ आणि मग गप्प बसायचं. ही शांतता दहा-पंधरा सेकंदांची असते, फार लांब वाटते, आणि ती मोडायला बहुतेकजण स्वतःच आकडा खाली आणतात. साहेब पंखा बघोत, लॅपटॉप बघोत, आपण बोलायचं नाही.

पुढे येणारी उत्तरं ठरलेली आहेत. ‘बजेट नाही’ म्हणाले, तर कुठलं बजेट ते विचारा: वार्षिक वाढीचं की बढतीचं? पुढचं कधी बंद होतंय आणि त्याआधी हे टिपण वर जाईल का? बजेट नाही हे बऱ्याचदा खरं असतं, पण एकाच खात्यापुरतं. ‘तुझ्या ग्रेडची कमाल गाठली’ हे ऐकलं तर वाद घालू नका, ती माहिती मौल्यवान आहे. तिथून विषय बढतीच्या निकषांवर न्या आणि ते निकष लेखी मागा. ‘तुला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल’ यात साहेबांची खरी भीती असते. तिचं उत्तर तुमच्या कामाच्या फरकात आहे. जबाबदाऱ्यांच्या परिच्छेदावर बोट ठेवा. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाले तर दोन हप्त्यांचा पर्याय पुढे करा: एप्रिलला १५ टक्के, ऑक्टोबरला ठरलेलं अमुक काम पूर्ण झालं की १२. दोन्ही मिळून २८.८ टक्के होतात आणि साहेबाला एकदम मोठा घास मागावा लागत नाही. पहिल्या वर्षी तुमचं थोडं नुकसान आहे, ते मान्य करूनच बोला.

सगळ्यांत फसवं उत्तर गोड असतं: ‘मी बोलतो एचआरशी.’ इथे निम्मे लोक आभार मानून उठतात आणि सहा महिने वाट बघतात. उठण्याआधी तारीख घ्या. त्याच संध्याकाळी चार ओळींचा ईमेल टाका: आज काय बोलणं झालं, कोणता आकडा मांडला, पुढची तारीख कोणती. सोबत टिपण जोडा. साहेबांची बदली झाली किंवा त्यांनीच कंपनी सोडली, जे या पट्ट्यात रोजचंच आहे, तर मागे उरतो तो हा ईमेल.

दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर दाखवणं हा उपाय चालतो, पण एकदाच. दाखवलंत की खरोखर जायची तयारी हवी, कारण ‘जा’ हेही उत्तर येऊ शकतं. दाखवून राहिलात तर पुढच्या बढतीच्या वेळी तुमचं नाव ‘जाणाऱ्यांत’ धरलं जाण्याचा धोका असतो, आणि राहण्यासाठी दिलेली रक्कम वर म्हटल्याप्रमाणे परतीच्या अटीची असते. खोटं ऑफर लेटर तर दाखवूच नका. नवी मुंबईतली एचआर मंडळी एकमेकांना ओळखतात, एक फोन पुरतो. आणि राजीनाम्याचा ईमेल दबावासाठी पाठवू नका. तो स्वीकारला गेला की परत घेणं तुमच्या मर्जीवर राहत नाही.

होकार आला तर तोंडी अभिनंदन बाजूला ठेवून पत्र वाचा. फिक्स्ड आणि व्हेरिएबलची फोड, लागू होण्याची तारीख, फरकाची रक्कम कोणत्या महिन्यात मिळणार, हे आहेच. त्याहून दोन ओळी जास्त शोधाव्यात. एक, मधल्या काळात मिळालेल्या वाढीनंतर ‘पुढील वार्षिक वाढीस पात्र नाही’ अशी अट. ऑक्टोबरला २० टक्के घेतले आणि एप्रिलचे ९ गमावले, तर प्रत्यक्षात काय मिळालं ते स्वतः मोजा. ही अट सही करण्याआधी बोलून काढता येते, नंतर नाही. दुसरी, नव्या ग्रेडबरोबर नोटीस पिरिअड ६० वरून ९० दिवस होतो का. पुढची नोकरी शोधताना हे ३० दिवस फार जड जातात. दहा-बारा वर्षं एकाच ठिकाणी असलेल्यांनी वाढ भत्त्यांऐवजी मूळ वेतनात मागावी. ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ वेतनावर, १५ भागिले २६ गुणिले वर्षं, अशी निघते. १२ वर्षं झालेल्या माणसाचं मासिक मूळ वेतन १०,००० ने वाढलं की मागच्या सगळ्या वर्षांसकट त्याची ग्रॅच्युइटी ६९,२३१ ने वाढते.

फरकाची रक्कम आली त्या महिन्यात टीडीएस एकदम वाढलेला दिसेल. तो पूर्ण वर्षाच्या नव्या अंदाजावर कापलेला असतो, घाबरून पेरोलला फोन करू नका. पुढच्या दोन पावत्या बघा. पीएफ मात्र त्याच महिन्यापासून नव्या मूळ वेतनावर कापला गेला का, ते तपासा. तिथे चुका होतात, आणि विचारल्याशिवाय दुरुस्त होत नाहीत.

कळावे,
आपले,
वेतन आणि पगारपत्रक विभागांत काम करणारे काही वाचक,
ठाणे आणि ऐरोली

ता. क. वरचं बरंचसं दोन प्रकारच्या लोकांना लागू नाही, आणि टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा) व तळोजा भागात त्यांची संख्या मोठी आहे. युनियनचा करार असलेल्या कारखान्यांत कामगारांची वाढ करारातूनच होते. तिथे साहेबाला एकट्याने गाठून उपयोग नाही, मागण्यांची यादी तयार होण्याआधी युनियनच्या कार्यालयात जाऊन बोला. थर्ड पार्टी रोलवर असणाऱ्यांचा पगार तर ज्याच्या हाताखाली ते रोज काम करतात तो साहेब देतच नाही. ठेकेदार कंपनीला पगार अधिक ठरावीक टक्के सेवाशुल्क असं बिल लावतो. पगार वाढायचा तर परचेस ऑर्डरची रक्कम वाढावी लागते, आणि ती बदलते फक्त नूतनीकरणाच्या वेळी. ती तारीख शोधून काढा आणि तिच्या दोन महिने आधी विभागप्रमुखाला टिपण द्या, ठेकेदाराला प्रत पाठवा. ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे आणि वाढीने वर जाणार आहे, त्यांनी ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) बघावं: एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च, जो वर्गणीचा काळ चालू असेल तो संपेपर्यंत कपात सुरू राहते, नंतर वर्गणी थांबते आणि पुढे कुटुंबाचे उपचारही. पगार २०,५०० वरून २३,००० होणार असेल तर त्याच बैठकीत मेडिक्लेम मागून घ्या. अडीच हजारांची वाढ इस्पितळाच्या एका बिलात जाते.